मूठभर चिंच

धनश्री : चिंचेनं? बाबा, तुम्ही माझे तुकडे चिंचेच्या पाण्यानं धुतले?

नत्थूजी : पान्याचा तांब्याचा गुंड चकचकीत निघते, तं प्लास्टिक काहून नाही निघनार? बरणी वास मारून राहिली होती. सोमवारी सरांपुढं असा मळ मांडनार होती का तू?

धनश्री : तो मळच माझी पीएच.डी. आहे! गोदावरी समुद्राला मिळते तिथून, वाळूत गुडघे टेकून, तांदळाएवढे तुकडे वेचले मी. दीड वर्ष! त्यांच्यावर शिसं बसलेलं होतं. तेच मोजायचं होतं. जन्मात स्वतःचं ताट धुतलं नाही तुम्ही, अन् आजच सुचलं?

नत्थूजी : आता ओरडू नको वं. प्लास्टिक तं गुळगुळीत असते. त्याले शिसं चिकटते कसं?

धनश्री : नवीन असतं गुळगुळीत. उन्हानं तडकलं, लाटांनी घासलं, वर शेवाळ धरलं, की पाण्यातला धातू बसतो त्यावर.

नत्थूजी : असं सांग न. कोरं सूत रंग धरत नाही. भिजवा, कुटा, उकळा, मंग धरते. चाळीस वर्षं उमरेडले मागावर बसलो, मले ठाऊक आहे. त्याच्यासाठी एवढं कॉलेज?

धनश्री : गंमत सुचते तुम्हाला! माझं सगळं गेलं!

नत्थूजी : पन नागपूरच्या पोरीले समुद्राचं काय पडलं?

धनश्री : तुमच्या या पॉलिस्टरच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच, शर्टाचे धागे जातात कुठं? आपली नाली नाग नदीत, नाग कन्हानेत, कन्हान वैनगंगेत, पुढं गोदावरी. मग समुद्र!

नत्थूजी : अन् तिथं मासोळी खाते ते?

धनश्री : खाते. दाणा समजून. मग तिच्या पोटातल्या आंबट... किती चिंच घातली होती?

नत्थूजी : मूठभर. दोन घंटे भिजू देल्लं.

धनश्री : म्हणजे पोटात शिसं असंच सुटत असणार. बाबा, ते पाणी! तुकड्यांवरचं सगळं त्या पाण्यात उतरलं असेल. मोजता येईल अजून. कुठं आहे ते? मले द्या!

(नत्थूजी खुंटीवरचा टॉवेल काढून हात पुसतात. हात कोरडेच आहेत.)

धनश्री : बाबा, बोला न!

नत्थूजी : नालीत वतलं वं.

धनश्री : कधी?

नत्थूजी : सकाळीच. कन्हानेले लागलं असन आता.