रिकाम्या खोलीतला हीटर

तुम्हाला सांगते, बटण मीच बंद केले. हो, मीच! "कोणीतरी केले असेल" असली गुळमुळीत वाक्ये मला खपत नाहीत. माझ्याशिवाय खोलीत चिटपाखरू नाही आणि हीटर आपला चालू... शेवटचा वर्ग सुटला की दिवे-पंखे बंद करत हिंडण्यात जिचा जन्म गेला, तिने काय डोळे मिटून बसायचे? मला सांगा, माझे चुकले कुठे?

त्या दिवशी प्रयोगशाळेत आमच्या सूनबाईंच्या पीएचडीची शेवटची परीक्षा, आणि सोबतीला मी. परीक्षकांसमोर सोन्याचे अतिसूक्ष्म कण करून दाखवायचे, तेही सगळे एका मापाचे. जमले, तर द्रावण डाळिंबी; फसले, तर जांभळे, आणि पदवी लांबणीवर! आणि करायचे कशात? बोटाएवढ्या काचेच्या पट्टीत! तिच्यात केसासारख्या वाटा, त्यांतून द्रावण सरकणार, आणि खाली हीटर, तो ग्राफीनचा. ग्राफीन म्हणजे काय, तर पेन्सिलीच्या शिशाचा एक पापुद्रा, इतका पातळ की दिसतही नाही! मुलांच्या पेन्सिली मी थोड्या का पाहिल्या? एकीवरही कधी पाणी तापले नाही हो!

सूनबाई म्हणाल्या, "आई, मी परीक्षकांना घेऊन येते. इथेच बसा, आणि कृपा करून कशाला हात लावू नका." कृपा करून! जणू मी पहिलीतली... तर मी बसले. हीटर लाल होईना, गुरगुरेना. वर तळहात धरला, तर ऊबही लागेना. फुकट वीज! आणि मी हात लावलाच नाही. छत्रीच्या टोकाने बटण दाबले. माझे चुकले कुठे?

तेवढ्यात बाहेर पडणारे डाळिंबी द्रावण जांभळे झाले आणि दार उघडले. परीक्षकबाई, सूनबाईंचे मार्गदर्शक सर आणि सूनबाई. "आई...! कधी बंद केलंत?" तोंड पांढरेफटक. सर कपाळ पुसत, "काही हरकत नाही, काही हरकत नाही!" (हरकत होती, ते कपाळावर दिसत होते.) सूनबाईंनी झडप घालून बटण दाबले आणि काय सांगू... जांभळे पुढे सरकले, पाठोपाठ पुन्हा डाळिंबी!

परीक्षकबाईंनी चष्मा वर केला. "इतक्यात तापला?"

सूनबाई म्हणाल्या, "निवतोही तसाच, मॅडम. पापुद्राच तो, त्याला वेळ कसला लागतो? म्हणून तर कण एका मापाचे होतात."

"आमचा हीटर बंद केला तरी धुमसत बसतो. पुन्हा बंद करा बरं." जांभळे! "आता चालू." डाळिंबी! एवढी विद्वान बाई, पण बटण पाहून पोर झाली हो! आणि सर? छाती काढून म्हणतात, "ही आमची मुद्दाम आखलेली चाचणी!" मुद्दाम! छत्रीसुद्धा यांनीच आखली असेल! मग माझे चुकले कुठे?

शेवटी ठरले ते असे: पदवी द्यायची, यापुढे प्रत्येक प्रात्यक्षिकात हीटर मध्येच बंद करून दाखवायचा, बटण सूनबाईंनी दाबायचे, आणि मी बाहेर व्हरांड्यात बसायचे. परीक्षकबाईंना मान्य, सरांना मान्य, सूनबाईंना तर अगदी मनापासून मान्य. मी विचारले, "आणि माझे मत?"

सर म्हणाले, "ते आम्ही धरूनच चाललोय, बाई."

धरले तर धरले! दिली मान्यता... फक्त व्हरांड्यातली ती खुर्ची डुगडुगते.