लेम्पीचं जेवण

व्हर्ना : साबणाने. मग काय, तसाच द्यायचा?

लेस्टर : उंदीर साबणाने धुतलात?

व्हर्ना : भांड्यांच्या. लिंबाच्या वासाचा आहे, चांगला. अरे, फ्रीजरमधून काढून वितळवला की काय घाण मारतो तो!

लेस्टर : व्हर्ना, ती घाण म्हणजेच तिची भूक. लिंबाचा वास आला तर अजगर कशाला तोंड उघडेल?

व्हर्ना : या घरात न धुतलेलं काही कुणाला वाढलं नाही मी. रेनो कधी बोलला नाही.

लेस्टर : त्याने कधी वाढू दिलं तुम्हाला?

व्हर्ना : एकोणीस वर्षांत एकदाही नाही. "लेम्पीचं मी बघतो, माझं तू बघ." बघत होते. ऑक्टोबरात तो गेला, आणि लेम्पीचंही माझ्याकडे आलं.

लेस्टर : आणि पाच महिने तिने घास घेतला नाही. हिवाळ्यात अजगर उपास धरतात, ते मी मनावर घेत नाही. माझ्या प्राण्यांच्या दुकानात तशी दोन-तीन असतातच. पण हिचा कणा हाताला लागतोय. साडेतीन पौंडांची होती, आज तीनही भरली नाही.

व्हर्ना : आजही नाही खाल्लं तर?

लेस्टर : तर दुकानात नेतो. घशात नळी घालून भरवावं लागेल.

व्हर्ना : मग बरी होईल?

लेस्टर : तरुण असती तर हो म्हणालो असतो.

व्हर्ना : सरळ सांग की.

लेस्टर : धसक्यानेच जाईल कदाचित.

व्हर्ना : या घरातून एकाला नळ्या घालून नेलंय, लेस्टर. दुसरीला नाही नेऊ द्यायची मी.

लेस्टर : म्हणून तर आलोय. हा नवीन उंदीर, बिनसाबणाचा. कोमट पाण्यात ठेवलाय. डोकं तेवढं जास्त गरम करायला हवं, म्हणजे तिला जिवंत वाटेल. ड्रायर कुठे असतो?

व्हर्ना : कसला ड्रायर?

लेस्टर : केस वाळवायचा. रेनो त्यानेच करायचा ना.

व्हर्ना : माझ्या ड्रायरने?

लेस्टर : मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.

व्हर्ना : शनिवारी उंदीर, आणि रविवारी त्याच ड्रायरने केस फुलवून मी चर्चला! मेला तो, नाहीतर मीच... जा, न्हाणीघरात वरून दुसरा खण.

(थोड्या वेळाने लेस्टर सापाच्या खोलीतून स्वयंपाकघरात येतो.)

व्हर्ना : ठेवलास? थांब, खुर्ची घेऊन आलेच.

लेस्टर : खुर्ची कशाला?

व्हर्ना : तिच्यापुढे बसायला. रोज बसते काचेला नाक लावून. "खा गं बाई, एवढं खा." एकटीने जेवणं काय असतं, ते मला विचार.

लेस्टर : तिला एकटीनेच जेवायचं असतं, व्हर्ना. तोंडात घास असला की सापाला पळता येत नाही. कुणी बघतंय म्हटलं की तो तोंडच उघडत नाही. मी दार लावून आलोय.

व्हर्ना : मग रेनो काय करायचा?

लेस्टर : उंदीर ठेवायचा, दार लावायचा आणि इकडे यायचा.

व्हर्ना : शनिवारी. तीन वाजता.

लेस्टर : हो, साधारण.

व्हर्ना : पत्त्यांचा जोड घेऊन.

लेस्टर : ते मला नाही माहीत.

व्हर्ना : मला माहीत आहे ना. तीनच्या आत मी कॉफी ठेवायचे, वेलदोड्याचा पाव कापायचे. गावातल्या बाकीच्या बायकांचे नवरे शनिवारी तळ्यावर, बर्फाला भोक पाडून माशांची वाट बघत. माझा माझ्यासमोर. किती मिरवायचे मी! आणि हा बसायचा तो सापाला एकांत हवा म्हणून?

लेस्टर : तसं नाही हो...

व्हर्ना : तसंच आहे. तो बिस्किटांचा डबा उघड, पत्ते आहेत. बसायचंच आहे तर खेळत बसू.

लेस्टर : इथे बसू?

व्हर्ना : ती त्याची... बस, बस. खुर्चीच आहे. पत्ते वाट.

लेस्टर : घ्या. तुमची उतारी.

व्हर्ना : ही बदामाची नव्वी. आता तू... काय रे ते? काय आपटलं?

लेस्टर : श्श.

व्हर्ना : पडली का ती?

लेस्टर : पडली नाही. झडप घातली. व्हर्ना, धरला तिने!

व्हर्ना : अरे देवा. देवा रे. बघू? नुसती फटीतून?

लेस्टर : बसा खाली! गिळू दे तिला. वीस मिनिटं, की झालं.

व्हर्ना : वीसच?

लेस्टर : लेम्पी काय रेंगाळणारी नाही. रेनोच म्हणायचा, वीस मिनिटांत ताट साफ.

व्हर्ना : तो सहापर्यंत बसायचा.

लेस्टर : कोण?

व्हर्ना : मीच उठायचे, बटाटे उकडायला. तो म्हणायचा, "अजून एक डाव."

लेस्टर : तीन तास?

व्हर्ना : पान टाक ना.

लेस्टर : ही घ्या. दुर्री.

व्हर्ना : हात माझा. पाव घे, सकाळचाच आहे.

लेस्टर : व्हर्ना, वीस मिनिटं झाली. आता हळूच दार उघडून बघता येईल.

व्हर्ना : बस रे. अजून एक डाव.