आतून बांधलेला दोर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या चिटणीस गल्लीचे वडीलधारे वकील श्रीमान अप्पाराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते म्युनिसिपालिटीचे आरोग्य इन्स्पेक्टर श्रीमान स्वामीनाथ, त्यांच्या सहधर्मचारिणी सौभाग्यवती शिवकामी, पहिल्या रांगेत सर्वांच्या आधी येऊन बसलेल्या, साऱ्या गल्लीच्या मातोश्री रुक्मिणीबाई, आणि या भजनमठात दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

दाटीवाटीने हा शब्द मी मुद्दाम वापरला. सात महिन्यांपूर्वी आपण असे खांद्याला खांदा लावून बसलो असतो, तर आजच्या उत्सवमूर्तींनी आपल्याला कानाला धरून उठवलं असतं. आज तेच मधोमध बसले आहेत आणि दोन्ही बाजूंनी त्यांना कोपरं लागताहेत. मला हे पाहून फार बरं वाटतं आहे.

मी भागीरथी, पूर्वेकडून तिसरं घर. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे चारचौघांत उभी राहिले की हात आपोआप खडू शोधतो. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. वकिलांची दहा मिनिटं केवढी असतात हे आपण सर्व जाणतोच, तेव्हा मीही तेवढीच घेईन.

गेल्या जूनमध्ये मद्रासहून तो फ्ल्यूचा ताप आपल्या कुंभकोणात आला. शाळा बंद झाल्या. गावात काही घरांवर दुःखाचा प्रसंग आला, त्यांची आठवण ठेवूनच मी पुढचं बोलते. आपल्या या मराठी गल्लीत बावीस घरं, त्यांतल्या पाच घरांत एकाच आठवड्यात अंथरुणं पडली. मग एका सकाळी स्वामीनाथ काथ्याचे दोन दोर, लाखेची मोहोर आणि एक हुकूमनामा घेऊन आले. भर गल्लीत उभे राहून त्यांनी तो खणखणीत आवाजात वाचला. दोर बांधल्या क्षणापासून आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. इन्स्पेक्टर असो वा कलेक्टर असो. नवा ताप दिसला नाही तर चौदाव्या दिवशी दोर सुटेल, दिसला तर मोजणी पुन्हा एकपासून.

हुकूम वाचून झाल्यावर त्यांनी पाचही आजारी घरांत जाऊन ताप पाहिला. पश्चिमेचा दोर बांधला आणि पूर्वेकडे निघाले. वाटेत माझं घर. आता मला सांगा, दारावरून चाललेल्या माणसाला फिल्टरची गरम कापी न देता जाऊ द्यायची रीत आपल्यात आहे का? मी एक टंबलर दिला. ते उठू लागले तसा दुसराही दिला, कारण पहिल्यावर उठणं म्हणजे कापी बरी नव्हती असं सांगणं. बिचाऱ्यांनी घाईघाईने प्यायली, जीभ भाजून घेतली, आणि त्याच तंद्रीत पूर्वेच्या टोकाला जाऊन दोर ताणला, गाठ मारली, लाख वितळवून मोहोर उठवली. मग हात झटकून वळले, तर समोर आपली गल्ली.

बावीस घरांच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यांवर, माणसं बसली होती. सर्वांना दिसत होतं. शेवटी रुक्मिणीबाई म्हणाल्या, "इन्स्पेक्टर, तुम्ही आंतच राहिलांत कीं हो. आतांच वाचिलें तें खरें ना?"

आपण सगळे हसलो. मीही हसले, आणि त्याची मला लाज वाटते. कारण ते हसत नव्हते. अप्पारावांनी लगेच कायदा काढला. हुकुमात क्षण म्हटलं आहे, पण घड्याळाची वेळ लिहिलेली नाही, तेव्हा तो सूर्यास्तापासून लागू धरावा, तुम्ही खुशाल दोराखालून वाकून जा. स्वामीनाथांनी दोराला हात लावला, वाकलेही, आणि पुन्हा सरळ उभे राहिले. तमिळमध्ये म्हणाले, "हुकूम मीच वाचलाय. आणि माझ्या बायकोचे दिवस भरलेत. तिरुभुवनला, आईकडे आहे. मी आत्ता पाच तापकऱ्यांच्या उशाशी बसून आलोय. हे घेऊन तिच्याकडे जाऊ?"

त्यानंतर कोणी हसलं नाही. मी माझी तिण्णै झाडून दिली आणि वर चटई घातली.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजूनही मजा वाटते. शिवकामीअम्मा, तुम्हाला हे सगळं ठाऊक नसेल, म्हणून सांगते; मराठी अडेल तिथे शेजारी बसलेले यजमान समजावतील. पूर्वेच्या दोराबाहेर गवळी गाय उभी करी. पण आपल्या डोळ्यांदेखत काढलेलं दूध नसेल तर ते कुंभकोणात कोण घेईल? रुक्मिणीबाई रोज पहाटे दोराच्या आत तीस हातांवर उभ्या राहून ओरडत, "भांडें उपडें करून दाखीव रे!" तो दाखवी. "आतां हालीव!" तो हलवी. मग धार काढून दूध मधल्या दगडावर ठेवून तो मागे सरे आणि आपल्यातलं कोणी ते उचलून आणी. जेवणाचं म्हणाल तर बावीस घरांतून पाहुण्याला पान जायचं. पहिल्या आठवड्यातच इन्स्पेक्टरांच्या सदऱ्याची गुंडी लागेना. थर्मामीटर घेऊन ते दिवसातून दोनदा घरोघर फिरत, आणि कोणी शेजाऱ्याच्या तिण्णैवर टेकलं की लांबूनच खाकरत.

संध्याकाळी दिवे लागले की भजन. मठाला कुलूप, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या तिण्णैवरून एकेक ओळ म्हणायची. पश्चिमेकडून ओळ निघायची आणि घरोघरी फिरत पूर्वेला यायची. आजारी घराची ओळ शेजारी म्हणत. एखाद्या संध्याकाळी ते घर स्वतःची ओळ स्वतः म्हणे, तेव्हा साऱ्या गल्लीला कळे की तिथला ताप उतरला. शेवटची ओळ पाहुण्यांची. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण चौथ्या दिवशी ते ओळ बिनचूक म्हणू लागले आणि दहाव्या दिवशी रुक्मिणीबाईंची चूक काढू लागले. आज मी मराठीत बोलते आहे आणि ते योग्य जागी मान डोलावताहेत, ते त्या शिकवणीमुळे.

पण सकाळ उजाडली की त्यांचं सारं लक्ष पूर्वेच्या दोराकडे. शिवकामीअम्मांचा भाऊ तिरुभुवनहून सायकलवर यायचा, लांबूनच हात हलवायचा. अजून नाही. मी दोराजवळ शाळेची पाटी टांगली होती, रोज एक आकडा वाढवत होते. अकराव्या दिवशी सायकल आली नाही. दुपार झाली. तो दुसरा टंबलर माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी दिला नसता तर हा माणूस बाहेर असता, चार दिवस धर्मशाळेत काढून ताप नाही याची खात्री करून घेऊन बायकोजवळ पोचला असता. त्यांना मी हे म्हटलं. ते म्हणाले, "टीचर, कापी चांगली होती." एवढंच.

संध्याकाळ होता होता सायकल आली. भावाने दगडावर साखरेची पुडी ठेवली आणि ओरडून सांगितलं, मुलगी, दोघी सुखरूप. आपल्या इन्स्पेक्टरांनी त्या दिवशी आयुष्यात एकदाच नियम मोडला. हात न धुता साखर तोंडात टाकली. त्या दिवशीचं भजन कोणत्या सुरात झालं ते न विचारलेलं बरं, सगळेच रडत गात होते.

आता मला जे सांगायचं आहे त्याला अध्यक्षांची परवानगी लागेल, पण मी ती मागणार नाही. अप्पारावांची ओळ आपल्याला माहीत आहे. शेवटचं अक्षर ते इतकं लांबवतात की पुढच्या घराला तोवर जांभई देऊन घेता येते. बाराव्या दिवशी त्यांनी ते लांबवलं नाही. तेराव्या दिवशीही नाही. भजन संपताच स्वामीनाथ थर्मामीटर घेऊन त्यांच्या दारात, मागोमाग कंदील घेऊन मी. अप्पाराव म्हणाले, "घसा बसला आहे." हे म्हणाले, "घशाला मी काही विचारलं नाही. तोंड उघडा." एकशे तीन.

तेव्हा वकीलसाहेबांनी कबुली दिली. अकराव्या दिवसापासूनच ताप होता, थर्मामीटर यायच्या आधी ते तोंडात गार पाणी धरून ठेवत. "एकच दिवस राहिला आहे," ते म्हणाले, "तुम्ही लेकीला बघायला जा. मी चार दिवस दार लावून पडतो. कोणी विचारलं तर मी बोलणार नाही." उभ्या जन्मात अप्पाराव बोलणार नाहीत असं प्रथमच म्हणाले होते.

स्वामीनाथांनी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टीचर, पाटी." मी तेरा पुसला आणि एक लिहिला. तीस वर्षांत इतका जड आकडा मी लिहिला नव्हता. त्या रात्रीपासून वकिलांच्या उशाशी ओली पट्टी घेऊन कोण बसलं, ते वकिलांनीच आपल्या अध्यक्षीय भाषणात सांगावं.

मुलीचा अकरावा दिवस आला. त्या दिवशी बापाने लेकीच्या कानात तीनदा नाव सांगायचं असतं. शिवकामीअम्मा, ओली बाळंतीण असून तुम्ही गाडीत बसून दोराशी आलात. मुलीला दोन्ही हातांवर उचलून धरलंत. मध्ये तीस हातांचं अंतर. कानात हळूच सांगायचं नाव बापाला छाती फुटेस्तोवर ओरडून सांगावं लागलं. भवानी. आपल्या मठातल्या देवीचं नाव. एकदा ते ओरडले. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज फुटला, तेव्हा बावीस तिण्णै ओरडल्या. तिसऱ्यांदा बाहेरचा गवळीसुद्धा ओरडला.

तेराचा एक झालेली ती मोजणी पुढे चौदावर गेली आणि दोर सुटला. गल्लीतलं एकही माणूस आपण गमावलं नाही. येत्या सोमवारी स्वामीनाथ मदुरैला रुजू होतील. शालजोडी अध्यक्ष देतीलच. गल्लीच्या वतीने एक भेट माझ्याकडे सोपवली आहे, ती इथे कोपऱ्यात टांगली आहे. पूर्वेचा तो दोर रुक्मिणीबाईंनी सात महिने जपून ठेवला, उन्हं दाखवली, आणि बोचू नये म्हणून त्यावर आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून त्याचा पाळणा केला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. दोर गाठ न सोडता कापूनच काढला होता, त्यामुळे मोहोरेची लाख गाठीवर तशीच आहे.

आणि एक शेवटचं. काल शिवकामीअम्मा मला म्हणाल्या, नाव कानात सांगायचं राहूनच गेलं. विचारलं की हे म्हणतात, साऱ्या गल्लीने ऐकलं, आणखी काय सांगायचं? इन्स्पेक्टर, हुकूम हुकूमच असतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. राहिलेलं पुरं करून जावं.

आपण सर्व एवढं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, मला इथे उभं केलंत, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, अध्यक्षांच्या बाबतीत तर झालंच आहे, ते पोटात घालावं. त्या दुसऱ्या टंबलराबद्दल मात्र क्षमा मागायला आता माझी जीभ वळत नाही. आज घरी आलात तर तिसरा तयार आहे.

शिवकामीअम्मा, भवानीला पाळण्यात ठेवा. स्वामीनाथ, तुम्ही पुढे व्हा, खाली वाका. आणि या खेपेला इतकं हळू सांगा, की आमच्यापैकी कोणाला ऐकू येऊ नये.