फोटोपुरती खुर्ची

मंत्र्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर, दुकानाच्या परवान्यासाठी ताटकळलेल्या शिंप्याचा नुकताच डोळा लागला होता. शेजारी एक बाई आणि तिची दहा-अकरा वर्षांची लेक बसल्या होत्या. तेवढ्यात प्रसिद्धी खात्याचे साहेब चाकांची खुर्ची ढकलत आले आणि शिंप्याची झोप उडाली.

"ताई, मुलीला यात बसवा. फोटोपुरतं."

"ती चालते की, साहेब."

"ते दिसतंयच. पण सरकार आज पहिल्यांदाच दुर्मिळ आजारांचा दिवस जाहीर करतंय. उद्या पेपरात ही अशी धडधाकट दिसली, तर लोकांना काय कळणार?"

"तेच तर कळायला हवंय! हिचा आजार दिसत नाही. डॉक्टर म्हणायचे, पोरगी नाटकं करते. सासूबाई म्हणायच्या, कामचुकार आहे."

"आई, बाबापण म्हणायचे."

"त्यांचं घरी गेल्यावर बघू."

"अहो ताई, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"आजाराचं नाव कळायला आमची सहा वर्षं गेली, साहेब. हिला या खुर्चीत बघून कुठल्या आईला वाटेल, की आपल्या चालत्याफिरत्या पोरीलाही हेच असेल?"

शिंप्याने पाय आखडून घेतले. साहेबांनी खुर्ची भिंतीला लावली.

"बरं, राहिलं. पण बाळा, फोटोत निदान हसू नकोस हं."

"का?"

"थोडं तरी आजारी वाटायला नको का?"

"आई, काय करू?"

"सगळे दात दाखव."