माझ्या टगचा वेग

...आणि वर मलाच म्हणतो, "मामा, गणित बरोबर आहे!" बरोबर? अहो, तुम्हाला सांगतो, माझ्या टगच्या नाकापुढे दहा हातांवर लोखंडाचा हा एवढा गोळा येऊन आदळला, समुद्र उडून थेट माझ्या चहात, आणि तिकडे लढाऊ जहाजावर बसून हा वायरलेसवर म्हणतोय, गणित बरोबर आहे! कोण हा? माझा जावई! एकुलत्या एका मुलीचा नवरा! शत्रू तरी आधी विचार करतो हो...

काम काय आमचं, तर नौदलाच्या सरावासाठी निशाण्याचा तराफा ओढायचा. पुढे मी माझ्या टगमध्ये, म्हणजे ओढणाऱ्या बोटीत, मागे एकशेवीस मीटर दोर, दोराच्या टोकाला तराफा. गोळा तराफ्याला लागला पाहिजे, मला नाही. एवढं साधं आहे! पण गोळा हवेत असतो चाळीस सेकंद, तेवढ्यात तराफा काय एका जागी बसून राहतो? म्हणून जावयापुढे ते यंत्र. कपाटाएवढं धूड, आत नुसती दातेरी चाकं. वेग भरा, दिशा भरा, अंतर भरा, की ते सांगतं चाळीस सेकंदांनी तराफा कुठे पोचेल, आणि तोफ तिथे मारते. आणि तिथे कोण होतं? मी!

दुसरा गोळा डाव्या बाजूला पडला तेव्हा मी वायरलेसवर बोंबललो, "जावईबापू, अहो, वेग किती भरलाय?"

"दहा नॉट, मामा."

"दहा? मागे हे लोढणं बांधलंय, चारने चाललोय मी, चारने!"

तर अगदी थंडपणे, जेवताना भात नको म्हणावं तसं, "पण मामा, दहा हा आकडा तुमचाच. मुलगी बघायला आलो तेव्हा तुम्हीच म्हणालात, मागे काहीही बांधा, आपली टग दहाच्या खाली येत नाही! मी लिहून ठेवलंय. गणित बरोबर आहे."

लिहून ठेवलंय! अहो, मुलीचा बाप होतो मी! समोर विहीणबाई बसलेल्या, दर वाक्याला आमच्या पोराचं यंत्र, आमच्या पोराचं डोकं... मग मीही मारली एक थाप! लग्नाच्या बैठकीतलं बोलणं कोणी तोफेत भरतं का हो?

आणि आमचा इंजिनवाला! एकतीस वर्षं सोबत आहे, पण धीर द्यायचा सोडून स्टूल उचलून निघाला. म्हटलं, कुठे? तर म्हणे, "तराफ्यावर बसतो. तिथे काही पडत नाही."

संध्याकाळी जावई घरी हजर, हातात छापील कागद. "मामा, टगचा खरा वेग लिहा, खाली सही करा, उद्यापासून गोळे तराफ्यावर." म्हणजे चार लिहायचं! हा घरी जाऊन आईला सांगणार, आणि त्या बाई सात घरी सांगणार, व्याह्यांची टग चारने चालते! बायकोला बघा, ती जावयाचीच बाजू घेणार. "लिहा हो! जीव मोठा की टग?" एकतीस वर्षं चालवतोय मी ती टग... आणि तिला कळत नाही का, मला काय वाटतं ते? कळतं. तरी विचारते!

शेवटी घेतलं पेन. काय करता? उद्या पुन्हा गोळीबार, जीव माझाच. पण तुम्हाला सांगतो, चार लिहायला हात धजेना हो... साडेचार लिहिलं. सही ठोकली. जावयाने कागद घडी करून खिशात घातला आणि उठता उठता म्हणाला, "आता गणित बरोबर आहे, मामा."

असेलच! मीही बोटांवर करून बघितलं ना. अर्ध्या नॉटची थाप, चाळीस सेकंद, गोळा पडणार तराफ्याच्या दहा मीटर पुढे, म्हणजे माझ्याकडे. म्हणून आज सकाळी कोणाला न सांगता, मुकाट्याने... दोर दहा मीटरने वाढवून घेतला.