कार्ड कुणाच्या नावानं

(बीड. वनमालाबाईंच्या मेसचं स्वयंपाकघर. क्लासची पोरं दुपारचं जेवून गेलीत. वनमालाबाई भांडी घासतायत. नवरा शहादेव खुर्ची टाकून बसलाय.)

शहादेव : अगं, पण येगळं क्रेडिट कार्ड कावून? माझ्याच कार्डावर तुझं एक जोडून घेऊ. पॉइंट एका जागी जमतील.

वनमाला : जमतील तुमच्या नावावर. मेस माझी, राबते मी, किराणा-गॅस माझ्या पैशानं. मला माझ्या नावाचं पाह्यजे.

शहादेव : कार्डातलं तुला काय कळतंय? मी किती वर्सं वापरतोय.

वनमाला : वापरता की. विमानतळावर जेवायला गेलता ना?

शहादेव : काढलंस का पुन्हा!

वनमाला : मी कशाला काढू? तुमीच पारावर सांगत हिंडता.

शहादेव : लोकांनी सांगायच्या आत आपण सांगितलेलं बरं असतंय. कार्डवाला म्हणला, विमानतळाच्या लाउंजात जेवण फुकट. मला वाटलं, धाब्यासारखं आसंल. जावं, जेवावं, ढेकर द्यावा, माघारी यावं. आमच्या पुढाऱ्याला, अमरसिंह अण्णाला संगं घेतलं, दोघं कडक इस्तरीत. दारातला जवान म्हणतो, तिकीट दाखवा. मी म्हणलं, बाबा, आमी जेवायला आलोत, उडायला न्हाई.

वनमाला : आन् अण्णा?

शहादेव : माघारी येताना गेवराई येईपर्यंत एक शब्द बोलला न्हाई. गेवराईला धाब्यावर तोंड उघडलं, तेबी खायाला. बिल मीच दिलं.

वनमाला : आन् ती चाकाची बॅग?

शहादेव : ती तर फुकट मिळाली, पॉइंटावर!

वनमाला : पॉइंट पडावेत म्हणून नको असलेला मोबाइल घेतला. चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला. त्या बॅगेत मी लसूण ठेवते आता.

शहादेव : बरं बाई, मी गाढव. माझ्या कार्डाच्या वर्साच्या फीमदी खरं गाढव आलं असतं, तेबी कबूल. पण तू कशावरून निवडणार?

वनमाला : तीन बँकांला फोन करून पाह्यला. पैल्या बँकेचे पॉइंट लई, फी काहीच न्हाई. मी म्हणलं, मला कार्ड पाह्यजे. त्यो पोरगा म्हणला, साहेबांना फोन देता का?

शहादेव : मग द्यायचा की. मी घरीच आसंन.

वनमाला : होता की. घोरत होता. मी सांगितलं, साहेब विमानतळावर जेवायला गेलेत.

शहादेव : वा! आता बँकेतबी नाव झालं आमचं. दुसरी?

वनमाला : तिथं माणूसच न्हाई. एक दाबा, दोन दाबा, मग नुसतं गाणं. माझं वरण करपलं. उद्या पैसे अडकले तर बोलायचं कुणाला, त्या गाण्याला? तिसरीची वर्साची फी पाचशे. पॉइंटबी कमीच. पण तिथली बाई म्हणली, "बोला वनमालाताई, तुमचा खर्च कशाकशावर होतो?" सगळं नीट इचारून घेतलं. आज फोन करते म्हणलीय.

शहादेव : आन् तेवढ्या "वनमालाताई"साठी पाचशे रुपये घालायचे?

वनमाला : घालते. ह्या घरात आल्यापासनं मी शहादेवची बायको, रविराजची आई, पोरांची मेसवाली काकू. माझ्या नावानं मला हाक कुणी मारली, आठवा बरं.

शहादेव : न्हाई आठवत. खरं सांगू? पाचशाचं मला काही न्हाई. मला भ्याव वाटतंय.

वनमाला : कशाचं?

शहादेव : उपसरपंचपद गेलं. अण्णा फोन उचलत न्हाई. मेस तू चालवतीस, पोराचं शिक्षण तू बघतीस. दुकानात ते कार्ड काढून ठेवतो ना, तेवढ्यापुरतं वाटतं, मालक आपणच हाव. तुझं कार्ड आल्यावर मला कोण इचारणार?

वनमाला : तुमच्या कार्डाचं बिल कोण भरतं?

शहादेव : तूच की.

वनमाला : मग?

शहादेव : मग काय! बडा घर, पोकळ वासा. त्यात वाशाला इस्तरी केलेली... तुझा फोन वाजायलाय बघ.

वनमाला : हात साबणात हायेत माझे. बघा कोण हाय.

शहादेव : हॅलो!

फोन : नमस्कार. वनमालाताईंशी बोलायचं होतं, त्यांच्या कार्डासंबंधी.

शहादेव : बोला की. मी शहादेव, लिंबागणेशचा माजी उपसरपंच. पॉइंटाचं काय ते मला सांगा.

फोन : नमस्कार सर. किराण्यावर आणि गॅसवर पॉइंट आहेत, फी पाचशे. वर्षाचा खर्च ठरल्यापेक्षा जास्त झाला, तर फी माफ. एवढं आमच्या जाहिरातीतच आहे. पुढचं त्यांच्याशीच बोलावं लागेल.

शहादेव : अवो, मी नवरा हाय तिचा.

फोन : हो सर. पण चौकशी त्यांनी केलीय. कार्ड घ्यायचं की नाही, ते त्याच सांगतील.

शहादेव : ती भांडी घासायलीय.

फोन : चालेल. मी थांबते.

शहादेव : लई भांडी हायेत ताई. सगळ्या पोरांची.

फोन : थांबते मी, सर.

वनमाला : कोण हाय हो?

शहादेव : सरक जरा. दे ती कढई, मी घासतो. हात पूस, वनमाला. तुझा फोन हाय.