पिवळा दिवा, तीस मिनिटं

...आणि पुन्हा लागला! तोच पिवळा दिवा. म्हणजे तुम्हाला सांगतो, सकाळी गाडी काढली तेव्हा नव्हता, दवाखान्यात तीन जार उतरवले तेव्हा नव्हता, आणि बँकेच्या मागच्या गल्लीत गाडी मागं घेताना बघतो तर काय, हजर. डॅशबोर्डवर एक डबीसारखं चित्र आणि त्यात ठिपके ठिपके. एकदा बायको शेजारी होती, ती म्हणाली, अहो, चाळणी आहे ती. मी म्हटलं, चाळणी कशाला दाखवतील, पीठ चाळायला घेतलीय का गाडी? आणि किल्ली फिरवली, गाडी बंद, दिवा बंद, विषय बंद. तीन आठवडे हेच चाललं होतं.

मी पाणी पोचवतो. वीस-वीस लिटरचे जार, डिझेल पिकअपमधून. रोजची चाळीस ठिकाणं, आणि सगळी एकमेकांच्या पायात पाय घालून उभी. दोनशे पावलं गाडी चालवायची, थांबायचं, बंद. जार खांद्यावर, दोन जिने वर, दोन जिने खाली, चालू. पुन्हा दोनशे पावलं, पुन्हा बंद. तुम्ही म्हणाल, अहो, एवढ्या-तेवढ्याला बंद कशाला करता? तर त्याला कारण आमचे बाबा.

बाबांचा उभा जन्म ट्रकवर गेला. त्यांचा एकच नियम, 'चाक थांबलं की इंजिन थांबलं पाहिजे.' गाडी गिअरमध्ये टाकायची, किल्ली काढून खिशात, आणि वर मागच्या चाकाला दगड. सपाट रस्त्यावरसुद्धा दगड! मी लहानपणी सायकल शिकलो तेव्हा सायकलला दगड. आता निवृत्त झालेत, पण दगड नाही झाला. माझ्या पिकअपमध्ये त्यांच्या पायाशी असतो, चुना लावलेला, पांढराशुभ्र. अख्खी गल्ली म्हणायची, हा माणूस डिझेलचा थेंब न थेंब जपतो. आणि खोटं कशाला बोलू, मीही चाळीस वर्षं हेच समजत होतो, की आपले बाबा चिक्कू आहेत. चिक्कू तर चिक्कू, पण सवय मात्र हाडात मुरली.

मग एका शनिवारी तो दिवा नुसता लागून थांबला नाही, लुकलुकायला लागला. बाबा शेजारी बसलेले, कारण शनिवारी त्यांना दाढीला न्यायचं असतं. म्हटलं, वाटेत वर्कशॉपला दाखवू. तिथे ताई आहेत, मेकॅनिक, हात कोपरापर्यंत काळे, आणि बोलणं गणिताच्या बाईंसारखं. विचारलं, दिवा लागल्यावर काय करता? म्हटलं, बंद करतो. दिवा? नाही, गाडी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पाढा चुकल्यासारखं झालं.

म्हणाल्या, 'काका, डिझेल जळलं की काजळी होते. ती बाहेर जाऊ नये म्हणून धुराच्या नळीत एक फिल्टर बसवलाय. तो धरून ठेवतो. पण धरून धरून किती धरेल? भरत आला की गाडी स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल टाकते, फिल्टर कडकडीत तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्याला सलग वीस-तीस मिनिटं लागतात, गाडी धावती लागते. तुम्ही मधेच बंद केलीत की ते अर्धवट राहतं. आणि अर्धवट राहिलं की पुन्हा पहिल्यापासून.'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो करपट वास यायचा, पंखा भणभणायचा, उभ्या जागी इंजिन जरा चढं वाजायचं... मला वाटायचं, दमली बिचारी, जरा थांबवू. म्हणजे बघा, ती आंघोळीला बसायची आणि मी नळ बंद करायचो. दिवसातून चाळीस वेळा!

'आता शेवटचं सांगतेय ती,' ताई म्हणाल्या. 'आज काजळी जळाली तर वाचलात. नाही तर इंजिनची ताकदच कमी करेल, बैलगाडीसारखी चालेल, आणि फिल्टर बदलायची वेळ आली तर तो मागवायला महिना. महिनाभर गाडी माझ्या दारात.' महिनाभर! तहान महिनाभर थांबते का हो? माझ्या चाळीस जिन्यांवर आठवड्याच्या आत दुसऱ्याचे जार चढले असते, आणि एकदा चढलेला जार कोणी उतरवत नाही.

इतक्यात गाडीतून बाबा. 'मुली, तो फिल्टरच काढून टाक. साधं नळकांडं लाव. आमच्या ट्रकला कुठे होता फिल्टर?'

'मग आजोबा, तुमच्या ट्रकची काजळी कुठे जायची?'

बाबा म्हणाले, 'मागे.'

ताई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, असेच मोठ्या रस्त्याला लागा, साठचा वेग धरा, तीस मिनिटं. फाटक-बिटक लागलं तर उभी राहिली तरी चालेल, पण किल्लीला हात नाही. काय वाट्टेल ते होवो, मधेच बंद करायचं नाही.

निघालो. तुम्हाला सांगतो, माणूस अर्धा तास नुसती गाडी चालवतो म्हणजे काय करतो? मला माहीतच नव्हतं. जार नाही, जिना नाही, पत्ता नाही. पाचव्या मिनिटाला ओळखीचा रद्दीवाला हात करत होता, त्याला ओलांडून गेलो, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. आठव्या मिनिटाला बाबा म्हणाले, दाढी राहिली. म्हटलं, वाढू दे. आणि अकराव्या मिनिटाला समोर रेल्वेचं फाटक पडलं.

उभे राहिलो. इंजिन चालू, पंखा भणभणतोय, करपट वास. आणि बाबांचा हात आला किल्लीकडे. त्यांना कळलंही नसेल, हात आपोआप आला. मी तो धरला. बाबांचा हात मी किती वर्षांनी धरला, मला आठवेना.

'चाक थांबलंय. बंद कर.'

'बाबा, मधेच बंद करायचं नाही.'

त्यांनी हात मागे घेतला, वाकून पायाशी बघितलं, आणि तो दगड उचलून मांडीवर घेतला. उतरून लावू म्हणाले. म्हटलं, आत्ता फाटक उघडेल, बसा. दगड दोन्ही हातांनी आवळून धरला होता हो त्यांनी. चार थेंब डिझेलसाठी कोणी दगड असा धरतं का? फाटक उघडलं, आम्ही निघालो, तरी दगड मांडीवरच. आणि मग समोर बघत म्हणाले, 'एकदा काय झालं, तू तीन वर्षांचा होतास...'

आता हे वाक्य मी जन्मात शंभर वेळा ऐकलंय. इथपर्यंतच! ह्याच्या पुढे मी कधी गेलोच नाही. बाबा, नंतर. बाबा, फोन आलाय. बाबा, जार उतरवायचेत. पण त्या दिवशी जाणार कुठे? साठचा वेग, अजून पंधरा मिनिटं बाकी.

तर झालं होतं असं की आई माहेरी गेली होती, म्हणून बाबांनी मला ट्रकमध्ये बरोबर घेतलं. मागे विटा भरलेल्या. उतारावर एका घरी पावती द्यायची होती, दोन मिनिटांचं काम, म्हणून इंजिन चालू ठेवून, नुसता हँडब्रेक ओढून ते उतरले. आणि मी, तीन वर्षांचा शहाणा, आत एकटा. तो दांडा दिसला, ओढला, दाबला, काय केलं कोणास ठाऊक. ट्रक निघाला. बाबा मागून धावले. म्हणाले, इतका जोरात मी कधीच धावलो नाही, पण भरल्या ट्रकला कोण गाठणार? खाली शाळेची भिंत होती, आणि भिंतीच्या अलीकडे बांधकामाच्या वाळूचा ढीग. ट्रक ढिगात घुसला आणि थांबला.

'दार उघडलं तर तू हसत होतास,' बाबा म्हणाले. 'मला म्हणालास, बाबा, परत.'

त्यांनी मांडीवरच्या दगडाचा चुना अंगठ्यानं पुसला.

'तुझ्या आईला मी हे कधी सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. तुला सांगायचं होतं. दर वेळी सुरुवात करायचो.'

चाळीस वर्षं मी त्या माणसाला चिक्कू म्हणत होतो, आणि तो चाळीस वर्षं माझ्यासाठी चाकाला दगड लावत होता. वाटलं, गाडी बाजूला घेऊन रडावं... पण घेता येत होती का? मधेच बंद करायचं नाही. तसाच चालवत राहिलो, डोळे पुसत, साठच्या वेगानं. दिवा कधी विझला ते दोघांनाही कळलं नाही. तीस मिनिटांच्या जागी पन्नास झाली.

ताईंनी नंतर तपासलं. म्हणाल्या, काजळी गेली, थोडी राख राहते, ती जळत नाही, तिला इलाज नाही. मी म्हटलं, राहू दे.

तेव्हापासून दर शनिवारी मी घरात जाहीर करतो, दिवा लागलाय. बायकोला ठाऊक आहे, नसतो लागलेला. बाबा दगड घेऊन बसतात, काळ्याकुट्ट डॅशबोर्डकडे बघतात आणि म्हणतात, 'लागलाय खरा.' फाटक ओलांडलं की सुरू, एकदा काय झालं, तू तीन वर्षांचा होतास. सतरा वेळा ऐकली. विटांचं आता सिमेंट झालंय, उताराचा घाट झालाय, मी ऐकतो. पण हल्ली काय होतं, ट्रक वाळूच्या ढिगाजवळ आला, अगदी आता शिरणार, की बाबाच थांबतात. म्हणतात, 'सलून आलं. उरलेलं पुढच्या शनिवारी.'

आणि पुढच्या शनिवारी? अर्धवट राहिलं की पुन्हा पहिल्यापासून. ताईंनी सांगितलं होतं मला, बाबांनीही ऐकलं असणार.